वादळानंतरची काळी नाणी : सेबॅस्टियन किनाऱ्यावरचं किप वॅग्नर प्रकरण

फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर सेबॅस्टियन नावाचं गाव आहे. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात तिथल्या लोकांना एवढं ठाऊक होतं, की पूर्वेचा वारा दोन-तीन दिवस जोरात लागला आणि लाटांनी वाळू ओरबाडून नेली, की पुळणीवर कधीकधी काळे, वेडेवाकडे, पातळ तुकडे मिळतात. घासले की आत चांदी असते. किप वॅग्नर हा घरं बांधणारा कंत्राटदार ओहायोतून तिकडे राहायला आला होता. त्याने हे तुकडे जमवायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यातून 1715 साली बुडालेल्या स्पॅनिश ताफ्याचा माग काढला.

किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांमध्ये हे प्रकरण प्रसिद्ध आहे. पण सांगताना बहुधा सोन्याचीच बाजू सांगितली जाते: किती नाणी, किती डॉलर, कोणता दागिना. मला ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. वॅग्नरकडचं यंत्र सैन्याने मोडीत काढलेलं, 15 डॉलरला घेतलेलं होतं. आजच्या कोणत्याही नवशिक्याच्या हातात त्याहून कितीतरी चांगलं यंत्र असतं. त्याला यश आलं ते प्रश्न विचारायच्या क्रमामुळे. नाणी कुठे मिळतात, कुठे अजिबात मिळत नाहीत, कोणत्या सालापर्यंतची मिळतात, बुडालेल्या जहाजावरून वाचलेली माणसं कुठे राहिली असतील, आणि मग जहाज कुठे असेल. डिटेक्टर या साखळीत मध्येच कुठेतरी येतो, सुरुवातीला नाही.

1715 साली काय घडलं

स्पेनच्या गादीच्या वारसाहक्कावरून 1701 ते 1714 अशी युरोपभर लढाई चालली. त्या काळात अमेरिकेतून स्पेनला जाणारे खजिन्याचे ताफे नीट सुटू शकले नाहीत आणि सोनंचांदी तिकडच्या बंदरांत साठत राहिली. लढाई संपली तेव्हा राजा पाचव्या फेलिपेची तिजोरी रिकामी होती. मेक्सिकोकडून आलेला जनरल उबिय्याचा ताफा आणि दक्षिण अमेरिकेकडून आलेली जनरल एचेवेर्सची गलबतं हवानाला एकत्र आली. सगळी निघाली 24 जुलै 1715 रोजी, म्हणजे चक्रीवादळांचा हंगाम लागल्यावर. सोबत ‘ग्रिफॉन’ नावाचं एक फ्रेंच जहाजही होतं.

मार्ग ठरलेला होता. फ्लोरिडा आणि बहामाच्या मधल्या सामुद्रधुनीतून गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाच्या जोरावर उत्तरेला जायचं आणि वर गेल्यावर पूर्वेला वळायचं. या वाटेवर डाव्या हाताला फ्लोरिडाचा किनारा सतत जवळ असतो. पूर्वेकडून वादळ आलं तर पळायला जागा नाही. 30 जुलैला वारा वाढत गेला आणि 31 च्या पहाटेपर्यंत स्पॅनिश ताफ्याची अकराच्या अकरा जहाजं गेली, बरीचशी किनाऱ्यालगतच्या खडकांवर आपटून. एकटं ‘ग्रिफॉन’ वाचलं. उबिय्यासकट हजाराच्या आसपास माणसं बुडाली.

जे वाचले ते समुद्र आणि मागची खाडी यांच्या मधल्या वाळूच्या अरुंद पट्टीवर अडकले. होड्यांतून सेंट ऑगस्टीनला आणि हवानाला निरोप गेले. मग स्पॅनिश अधिकारी पाणबुडे घेऊन आले, किनाऱ्यावर छावणी पडली आणि बुडालेला माल वर काढायचं काम सुरू झालं. पाणबुड्यांत स्थानिक अमेरिकन इंडियन बरेच होते. छातीभर श्वास घ्यायचा आणि दगड धरून तळाला जायचं, अशी ती बुडी. काढलेल्या चांदीचा बोभाटा झाला तसा जमैकाहून हेन्री जेनिंग्ज हा इंग्रज खाजगी लढाऊ जहाजं घेऊन आला आणि छावणी लुटून गेला. काही वर्षांनी स्पॅनिशांनी काम आवरलं. बरीच संपत्ती निघाली होती, बरीच तळाशी राहिली.

या प्रकरणाच्या दृष्टीने इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची. किनाऱ्यावर दोन तऱ्हेचा ऐवज राहिला. एक समुद्राने आणून टाकलेला, दुसरा माणसांनी राहून मागे ठेवलेला. पहिला दर वादळागणिक जागा बदलतो. दुसरा जिथे पडला तिथेच असतो.

हातातलं नाणं

वॅग्नरच्या हातात पडणारी नाणी टांकसाळीत गोल पाडलेली नव्हती. मेक्सिकोच्या टांकसाळीत चांदीच्या कांबीचे तुकडे तोडायचे, वजनात बसेपर्यंत कडा कातरायच्या आणि दोन छापांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकायचं, अशी ही पद्धत. आठ रियालांचं (रियाल म्हणजे स्पेनचं चलन) नाणं वजनाला सुमारे 27 ग्रॅम. त्याखाली चार, दोन, एक आणि अर्ध्या रियालाची. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला राजचिन्हाची ढाल, कडेला राजाचं नाव आणि साल. पण छाप मोठा आणि तुकडा लहान किंवा वाकडा, त्यामुळे कडेचं साल बहुतेक नाण्यांवर उमटतच नाही. मूठभर नाणी घेतली तर त्यातल्या थोड्यांवरच एखाददोन आकडे वाचता येतात. टांकसाळीची खूण म्हणजे मोठ्या ‘एम’वर बारीकसा ‘ओ’. ती सापडली की नाणं मेक्सिकोचं, हे नक्की.

खाऱ्या पाण्यात चांदी गंधकाशी संयोग पावते आणि वर काळा थर चढतो. कधी हा थर इतका खोलवर जातो की नाणं हातात हलकं लागतं आणि बोटाने दाबलं तर कड तुटते. सोन्याला यातलं काही होत नाही. अडीचशे वर्षं वाळूत राहिलेलं सोन्याचं नाणं धुतलं की झालं. म्हणूनच पुळणीवर चालताना सोनं ओळखू येतं आणि चांदी पायाखालून निसटते.

हे रियाल आपल्याला परके नाहीत. युरोपीय कंपन्या हीच स्पॅनिश चांदी जहाजांत भरून सुरतेला आणत. तिथल्या टांकसाळीत ती वितळून मुघल रुपये पडत. मेक्सिकोच्या खाणीतली चांदी रुपया होऊन दख्खनच्या बाजारात फिरत होती, त्याच काळातली ही जहाजं.

पहिला प्रयत्न

एखाद्या किनाऱ्यावर नाणी मिळतात म्हटल्यावर पहिला विचार येतो तो तिथेच खोल खणण्याचा. वॅग्नर आणि त्याच्या सोबत्यांनीही अवजड यंत्रं लावून किनाऱ्यालगत खोदकाम केलं. हजारो डॉलर गेले, हाताला जवळपास काही लागलं नाही.

या अपयशात मला सगळ्या प्रकरणाची किल्ली दिसते, म्हणून त्यावर जरा थांबतो. पुळण ही जमीन नसते, ती सतत हलणारी वाळू असते. क्वार्ट्‌झच्या वाळूची घनता पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट, चांदीची साडेदहा पट, शिशाची अकरा पटींहून थोडी जास्त, सोन्याची एकोणीस पटींहून जास्त. लाट चढते तेव्हा सगळं उचलू पाहते, उतरताना हलकी वाळू घेऊन जाते आणि जड वस्तू मागे ठेवते. सुपात धान्य पाखडताना भूस पुढे जाऊन दाणे मागे राहावेत, तसंच हे. शांत हवेत वाळू पुन्हा येऊन बसते आणि जड वस्तू तिच्याखाली हळूहळू घट्ट थरापर्यंत जातात. कुठे चिकणमाती, कुठे शिंपल्यांचा चुरा, कुठे खडक. त्या थरावर त्या अडकतात. वादळ येऊन वरची चार-पाच फूट वाळू काढून नेतं तेव्हा तो थर उघडा पडतो, आणि काही दिवसांत पुन्हा झाकला जातो.

म्हणजे पुळणीवर नाणं मिळतं ती त्याची मूळ जागा नव्हेच. समुद्रातला साठा थोडा थोडा झिजतो आणि लाटा त्यातलं काहीबाही किनाऱ्यावर आणून टाकतात. ते नाणं सापडलं तिथे खाली खणून आणखी नाणी लागतील ही अपेक्षाच चुकीची. पण नाणी कोणत्या पट्ट्यात मिळतात आणि त्या पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे कुठे अजिबात मिळत नाहीत, याला मात्र अर्थ आहे. पट्ट्यासमोर समुद्रात काहीतरी आहे, एवढं त्यावरून म्हणता येतं. वॅग्नरने पुढे हीच नोंद ठेवायला सुरुवात केली. वादळानंतर पुळणीवर जायचं, काय मिळालं आणि कुठे मिळालं ते लक्षात ठेवायचं. लगेच मोबदला न देणारं हे काम मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत कौतुकाचं वाटतं.

साल आणि नकाशा

नाणी वाढत गेली तसं एक लक्षात आलं: ज्यांच्यावर साल वाचता येतं, त्यातलं एकही 1715 च्या नंतरचं नाही. एखाद-दुसऱ्या नाण्यावरून असं काही म्हणता येत नाही. पण अनेक नाणी मिळूनही एका सालानंतर एकदम काहीच नसेल, तर ती वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवरून पडलेली नाहीत. सगळी एका वेळी समुद्रात गेलेली आहेत. हा तर्क पुरातत्त्वात रोज वापरला जातो. इथे तो एका गवंडीकाम करवणाऱ्या माणसाने स्वतःच्या टेबलावर नाणी मांडून केला.

अडचण होती ती वेगळीच. 1715 चा ताफा बराच दक्षिणेला, फ्लोरिडा कीज बेटांजवळ बुडाला, असा तेव्हा बऱ्याच जाणकारांचा समज होता. समज अगदीच निराधार नव्हता. 1733 साली स्पेनचा दुसरा एक ताफा खरोखरच त्या बेटांवर आपटून फुटला होता. पण सेबॅस्टियनच्या पुळणीवरची नाणी त्या समजाशी जुळत नव्हती.

वॅग्नरचा मित्र डॉ. किप केल्सो याने इथे कागदपत्रांचं काम अंगावर घेतलं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्याला बर्नार्ड रोमन्स या सर्वेक्षकाने 1775 साली छापलेलं फ्लोरिडाचं वर्णन मिळालं. रोमन्सने इंग्रज सरकारसाठी हा किनारा मोजला होता. सेंट सेबॅस्टियन नदीसमोर 1715 साली स्पॅनिश नौसेनापतीचं जहाज बुडालं आणि बाकीची तिथून दक्षिणेला, हे त्याने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. नकाशावरही तशी नोंद आहे. एवढंच नाही, मोजणीच्या कामावरच्या माणसांना पूर्वेचे जोरदार वारे सुटून गेल्यावर पुळणीवर पुन्हा पुन्हा चांदीची नाणी सापडली, आणि ती बहुधा बुडालेल्या जहाजांतून लाटांबरोबर येत असावीत, असंही तो लिहितो.

ही नोंद वाचताना मी दरवेळी थबकतो. वॅग्नरच्या पावणेदोनशे वर्षं आधी एका माणसाने तेच पाहिलं होतं: तोच वारा, तोच किनारा, तीच नाणी. कारणही अचूक ओळखलं होतं. पुस्तक कपाटात राहिलं आणि किनाऱ्यावरच्या माणसांपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

पुढे सेव्हिलच्या इंडीज दप्तरखान्याशी पत्रव्यवहार झाला. स्पेनच्या अमेरिकेतल्या कारभाराचे कागद तिथे जपलेले आहेत. ताफा आणि नंतरचं उपसण्याचं काम यासंबंधीच्या कागदांच्या सूक्ष्मपटांची (मायक्रोफिल्मची) मोठी चळत तिथून आली. जुनी स्पॅनिश लिपी लावायला वेळ लागला, पण आता अंदाजाच्या हाताशी पुरावा होता.

छावणी

आता डिटेक्टर. किनाऱ्यावर छावणी होती, हे कागद सांगत होते. पाणी, जेवण, लोहारकाम आणि पहारा, सगळं त्या जागी महिनोन्‌महिने चाललेलं. मग तिथे लोखंड पडलेलं असणारच. वॅग्नरने पाण्याच्या काठची वाळू सोडली आणि युद्धातलं सुरुंग शोधायचं यंत्र घेऊन पुळणीमागच्या उंच, झुडपांनी भरलेल्या टेकाडावर फिरायला सुरुवात केली.

हा निर्णय किती नेमका होता ते यंत्राच्या कामावरून कळतं. डिटेक्टरच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो. त्यामुळे खाली बदलतं चुंबकक्षेत्र तयार होतं. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं चुंबकक्षेत्र तयार होतं आणि यंत्र ते पकडतं. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने 1881 साली राष्ट्राध्यक्ष गारफील्डच्या शरीरातली गोळी शोधायला असंच यंत्र वापरून पाहिलं होतं. पण ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहून नेते. त्यामुळे साधं यंत्र पाण्याच्या कडेला नेलं की उगाच ओरडत राहतं. युद्धातली ही यंत्रं मोठ्या धातूसाठी बनवलेली होती. खोलवरच्या एकेकट्या नाण्याला ती फारशी दाद देत नसत. म्हणजे वॅग्नर ओल्या वाळूत नाणी शोधत बसला असता तर हे यंत्र कुचकामीच ठरलं असतं. कोरड्या टेकाडावर जहाजाचे खिळे आणि तोफगोळे शोधायला मात्र ते अगदी योग्य होतं.

आणि तिथे तेच मिळालं. जहाजाचे लोखंडी खिळे, तोफगोळे, फुटक्या मातीच्या भांड्यांचे तुकडे, निळ्या-पांढऱ्या चिनी मातीची खापरं. ही चिनी भांडी फिलिपिन्समधल्या मनिलाहून प्रशांत महासागर ओलांडून मेक्सिकोला, तिथून जमिनीवरून पूर्व किनाऱ्याला आणि मग या ताफ्यात आलेली. टेकाडावरच एक सोन्याची अंगठीही निघाली, मध्ये मोठा हिरा आणि भोवती छोटे. पण माझ्या लेखी खिळे अंगठीपेक्षा मोलाचे. अंगठी कुणाचीही, कुठेही पडू शकते. खिळे, गोळे, खापरं आणि चुली एका जागी असतील तरच ती वस्ती.

टेकाडावरून समुद्रात

वाचलेल्या माणसांनी छावणी कुठे ठोकली असेल? जहाज फुटलं त्याच्या समोर, कारण माल तिथूनच काढायचा होता. वॅग्नर छावणीसमोरच्या पाण्यात उतरला. काच बसवलेल्या, घरी बनवलेल्या फळीवर पालथं पडून हाताने वल्हवत तो तळ न्याहाळत फिरला आणि त्याला तोफा दिसल्या. विमान भाड्याने घेऊन वरूनही पाणी पाहिलं. हे सगळं किनाऱ्यापासून इतक्या जवळ होतं, की पुळणीवर उभं राहून बोट दाखवावं.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात. फ्लोरिडा राज्याकडून शोधाचा परवाना घेतला, मिळालेल्या मालाचा चौथा हिस्सा राज्याला देण्याच्या अटीवर. सोबती जमले. त्यातले बरेच जवळच्या पॅट्रिक हवाई तळावर काम करणारे होते आणि सुट्टीच्या दिवशी बुडी मारायला यायचे. 1961 साली त्यांनी ‘रिअल एट’ नावाची कंपनी काढली. नाव आठ रियालांच्या नाण्यावरूनच. त्याच वर्षी चांदीच्या नाण्यांचे एकमेकांना चिकटलेले मोठे गोळे निघाले. 1964 च्या मे महिन्यात, दक्षिणेला फोर्ट पिअर्सजवळच्या दुसऱ्या एका जहाजाच्या जागी, मेल फिशर या खजिनाशोधकाच्या गटाने त्यांच्याबरोबर काम करताना एका दिवसात हजाराहून जास्त सोन्याची नाणी काढली. जानेवारी 1965 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये वॅग्नरचा लेख आला आणि जगाला हे प्रकरण कळलं. या किनारपट्टीला लोक ‘ट्रेझर कोस्ट’ म्हणायला लागले तेही याच शोधांमुळे.

पुळणीवर मिळालेल्या सगळ्यांत मोठ्या वस्तूबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. 1962 साली वॅग्नरचा भाचा रेक्स स्टॉकर वादळी हवेत पुळणीवर हिंडत असताना त्याला सोन्याची साखळी दिसली. लांबी साडेअकरा फुटांच्या आसपास, कड्या 2,176, प्रत्येक कडी फुलाच्या आकाराची. खाली ड्रॅगनच्या आकाराचं पदक. हे पदक शिट्टी म्हणून वाजतं. त्यातच दात कोरायची काडी आणि कान साफ करायची बारीक पळी बसवलेली आहे. एखाद्या बड्या अधिकाऱ्याचं मानचिन्ह असावं, कदाचित उबिय्याचंच, असं मानलं जातं. 1967 साली लिलावात तिला 50,000 डॉलर आले.

डिटेक्टरवाल्यांनी या साखळीकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बारीक कड्यांची साखळी ही यंत्राला सर्वांत अवघड जाणारी वस्तू. भोवऱ्यासारखा प्रवाह फिरायला सलग धातू लागतो. कड्या एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात, म्हणून यंत्राला ती साडेअकरा फूट सोनं म्हणून दिसत नाही, एकेक चिमुकली कडी म्हणून दिसते. आजही पुळणीवर सोन्याच्या अंगठ्या पटापट सापडतात आणि नाजूक साखळ्या राहून जातात, त्याचं कारण हेच. वादळ नुकतंच उतरत असताना, थर उघडा असताना डोळे उघडे ठेवून चालणं, याला यंत्राचा पर्याय नाही.

जे हरवलं

वॅग्नरबद्दल मला आदर आहे, पण या प्रकरणाची दुसरी बाजू सांगायलाच हवी. त्या छावणीची जागा त्याच्याआधी एका हौशी अभ्यासकाने, चार्ल्स हिग्जने, ओळखली होती. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीचे पुरातत्त्वज्ञ हेल स्मिथ यांनी तिथे उत्खनन करून 1949 साली अहवालही छापला. म्हणजे शोधाचं सगळं श्रेय एकट्या वॅग्नरला देणं न्यायाचं नाही. रोमन्स, हिग्ज, स्मिथ आणि मग वॅग्नर, अशी ही रांग आहे.

त्याहून जास्त सलतं ते हे: ऐवज काढताना तो कुठे, किती खोल, कशाशेजारी होता याच्या नोंदी सुरुवातीच्या काळात नीट झाल्या नाहीत. राज्याने 1964 साली कार्ल क्लॉसेन या पुरातत्त्वज्ञाला पाण्याखालच्या कामासाठी नेमलं, त्यानंतर शिस्त आली. तोवर बरंच काही उपसून झालं होतं. दोन खिळे आणि एक खापर यांची जागा टिपून ठेवली असती तर छावणीत कोण कुठे राहत होतं, पाणबुडे वेगळे झोपायचे का, लोहाराची भट्टी कुठे होती, हे आज कळलं असतं. नाणं बाजारात पुन्हा मिळतं. जागा एकदा उकरली की गेली. ताफ्याबद्दल आपल्याला सोन्याचं बरंच माहीत आहे आणि त्या पाणबुड्यांबद्दल अगदी थोडं. त्यांच्या नावांचा, त्यातल्या किती जणांचा जीव गेला याचा विचार या सोन्याच्या गोष्टींत येतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

छावणीची जागा 1970 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आली. सेबॅस्टियन इनलेट स्टेट पार्कमध्ये त्या जागेवर आता मॅकलार्टी संग्रहालय आहे.

आज तिथे आणि इथे

तिथे आजही वादळानंतर माणसं पुळणीवर येतात. 1984 च्या थँक्सगिव्हिंगच्या वादळाने आणि 2004 च्या सप्टेंबरातल्या फ्रान्सिस आणि जीन या चक्रीवादळांनी किनारा खोलवर कापला, तेव्हा बऱ्याच जणांना नाणी मिळाली. आता एक नवी अडचण आहे. झिजलेल्या किनाऱ्यावर बाहेरून वाळू आणून टाकतात, त्यामुळे जुना थर आणखी खोल जातो. अशा ठिकाणी यंत्र कितीही महागडं असो, हाती नव्या वाळूतली पेयाच्या डब्यांची झाकणंच लागतात. म्हणून अनुभवी माणूस आधी वाळूचा कापलेला उभा काठ शोधतो. गळाची शिशाची वजनं एका ओळीत मिळू लागली तर तिथेच थांबतो, कारण जड वस्तू जड वस्तूंजवळ येतात. खाऱ्या ओल्या वाळूत तो पल्स पद्धतीचं किंवा एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारं यंत्र घेतो. पल्स यंत्र झटका देऊन क्षणभर थांबतं. मिठाच्या पाण्यातला प्रतिसाद तेवढ्यात विरतो, धातूतला टिकतो. पूर्ण ओहोटी लागण्याच्या दोन तास आधी सुरू करून पाणी उतरेल तसं खाली जायचं, हा सगळीकडचा रिवाज. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुकती जास्त खाली जाते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

कायदाही स्पष्ट आहे. फ्लोरिडात काही स्टेट पार्कमध्ये ठरवून दिलेल्या वाळूच्या पट्ट्यात डिटेक्टर चालतो. वाळूच्या टेकड्यांवर चालत नाही, आणि पाण्याखालची 1715 ची जहाजं न्यायालयाने हक्क दिलेल्या कंपनीकडे आहेत. त्या परवान्यावर काम करणाऱ्यांनीच 2015 मध्ये सुमारे साडेतीनशे सोन्याची नाणी काढली.

हे वाचून अलिबाग, मुरुड किंवा मालवणला डिटेक्टर घेऊन निघणाऱ्यांनी 1878 चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट आधी वाचावा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे: काय सापडलं, कुठे सापडलं, कधी सापडलं. वस्तू जवळच्या सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा तारण द्यायचं. लपवलं तर वाटा जातो आणि तुरुंगवासही होऊ शकतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर परवानगीशिवाय खणायचंच नाही, मग तो जंजिरा असो की वसईचा किल्ला. आणि कालच्या रविवारी पोहताना कुणाच्या बोटातून निसटलेली अंगठी सापडली तर ती त्या माणसाची आहे. आतल्या बाजूला नाव किंवा तारीख कोरलेली असते का ते पाहा, जवळच्या पोलीस चौकीत कळवा, जीवरक्षकांनाही सांगून ठेवा, कारण अंगठी हरवलेली माणसं सगळ्यात आधी त्यांच्याकडेच विचारायला येतात. आणि जुनं काहीही सापडलं तर ते घासू नका. फोटो काढा, जागा मोबाइलच्या नकाशावर टिपा, खोली पट्टीने मोजा, मग हात लावा.